प्रमुख पाहुण्यांचा प्रकाश

कोल्हापूरला लागूनच्या उचगावात, ऑफिसजवळ, खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालकांनी विचारलं, तुमचं काम नेमकं काय? फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशाला वाट आणि जागा ठरवून देतो, असं मी खरं ते सांगितलं. ‘हां, म्हणजे लाइटीचं,’ ते म्हणाले आणि तेव्हापासून इमारतीतली कुठलीही ट्यूब फडफडली की मला हाक येते. सुरुवातीला मी समजावून पाहिलं. आता स्टूल घेऊन जातो.

माझ्या मुलीला मात्र ते काम नीट कळलं होतं. ती नाशिकला तिच्या आईजवळ आणि मी इथे, त्यामुळे आमचं बहुतेक बोलणं फोनवर. जेवलीस का, अभ्यास झाला का, यानंतर बापाकडचा साठा लवकर संपतो. अशाच एका रिकाम्या क्षणी तिने कामाबद्दल विचारलं, आणि मी तिला एसटीचं उदाहरण दिलं. समज, एका कुटुंबाला कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचंय आणि मलकापूरला गाडी बदलायची आहे. त्यांची अट अशी की सगळ्यांना शेजारीशेजारी जागा पाहिजे, मध्ये परका माणूस चालणार नाही. दुसरी अट, पहिल्या गाडीत जे सीट नंबर मिळाले तेच दुसऱ्या गाडीतही मिळाले पाहिजेत. फायबरमधला स्पेक्ट्रम म्हणजे ही सिटांची रांग. एका सिटाला आम्ही स्लॉट म्हणतो. मोठं गिऱ्हाईक म्हणजे मोठं कुटुंब.

‘मग गाडीत जागा असूनसुद्धा लोक खाली राहत असतील,’ ती म्हणाली.

‘रोज राहतात.’

‘म्हणजे तुम्ही कंडक्टर.’

कंपनीत माझ्या पदाचं नाव व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी घेतं. त्या दोन ओळींपेक्षा हा एक शब्द बरोबर होता.

ऑफिसातली आमची खोली म्हणजे नियंत्रण कक्ष. यंत्रांना ऊन आणि धूळ चालत नाही म्हणून तिला खिडकी नाही. यंत्रांना गारवा लागतो म्हणून उन्हाळ्यातही मी स्वेटर घालून बसतो. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे कुणी आत आलं की त्याच्या डोक्याकडे पाहून कळतं. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि प्रत्येक दुव्याच्या, म्हणजे दोन गावांमधल्या केबलच्या, स्लॉटची लांब पट्टी. भरलेले स्लॉट रंगीत, मोकळे पांढरे. या पट्ट्यांकडे पाहत मी कोल्हापुरातली वर्षं काढली. आमच्याकडे दुसरा माणूस म्हणजे रत्नागिरी रस्त्यावरच्या केबलची देखभाल करणारे मलकापूरचे एक गृहस्थ. केबल तुटलेली नसली की ते आमच्या खोलीत येऊन बसत, कारण गारवा फुकट होता. इतक्या वर्षांनंतरही ते मला पावणं म्हणत.

आता आमच्या विभागप्रमुखांविषयी सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. त्यांना समारंभ आवडत, एवढंच. आमच्या कार्यालयात केबलचा सुटा तुकडा मागितला तर वरून मंजुरी यावी लागते, पण शाल आणि नारळ कपाटात कायम तयार असतात. फेटे बांधणाऱ्याचा नंबर त्यांना पाठ होता. रत्नागिरीकडचा दुवा तयार झाला तेव्हा त्यांनी त्याला प्रकाशमहामार्ग असं नाव दिलं आणि लोकार्पणासाठी कंपनीच्या मुंबई कार्यालयातल्या सर्वांत मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेब व्यासपीठावरचं बटण दाबणार, कोल्हापूर ते रत्नागिरी एक खास चॅनल, म्हणजे सलग स्लॉटचा एक राखीव गठ्ठा, सुरू होणार आणि पडद्यावर समुद्र दिसणार, असा बेत.

आदल्या दिवशी ते व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा नकाशा घेऊन आमच्या खोलीत आले. तो माझ्यासमोर ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

‘साहेबांचं चॅनल कुठाय?’

मी दाखवलं. नियमाप्रमाणे आम्ही डावीकडून एकेक स्लॉट भरत येतो, म्हणजे पुढची जागा सलग मोकळी राहते. साहेबांचं चॅनल शेवटच्या गिऱ्हाइकाला, एका पतसंस्थेला, चिकटून ठेवलं होतं.

‘कडंला? त्या पतसंस्थेच्या मागं?’

‘मागे-पुढे असं त्यात काही नसतं, साहेब. प्रकाश सगळ्यांचा एकाच वेळी पोचतो.’

‘ते तुमाला-मला कळतंय हो. पण उद्या हाच पडदा बाहेर लावणार हाय. साहेब बघणार. फोटो निघणार.’ त्यांनी खुर्च्यांच्या नकाशावर मधल्या खुर्चीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट पडद्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या बरोबर मध्यावर नेलं. ‘प्रमुख पाहुणे मधी बसतात. आजवर कुठं कडंला बसलेले बघितलेत का?’

मी म्हणालो की यामुळे मोकळ्या जागेचे दोन तुकडे होतील. ते म्हणाले, समारंभ झाला की बघू. शिवाय साहेबांना अरुंद जागा शोभणार नाही म्हणून त्यांनी चॅनल रुंदही करायला लावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बटण दाबलं. पट्टीच्या मधोमध भगवा रंग उमटला, टाळ्या झाल्या. रत्नागिरीकडून हार घातलेला एक माणूस पडद्यावर आला आणि म्हणाला, ‘नमस्कार, आवाज येतोय का?’ साहेब म्हणाले, ‘येतोय, येतोय.’ त्या चॅनलवरून आजवर झालेलं संभाषण एवढंच.

पण भाषणात साहेब बोलून गेले की आज लावलेला हा प्रकाश कधी विझणार नाही. विभागप्रमुखांनी ते वाक्य संगमरवरावर कोरून प्रवेशद्वारात बसवलं. झालं. दुसऱ्या आठवड्यात मी चॅनल बंद करायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवघरातला नंदादीप फुंकर मारून विझवू का, असं विचारलं होतं. तेव्हापासून तो प्रकाश अहोरात्र रत्नागिरीला जातो आहे. निरोप नाही, चित्र नाही, आवाज नाही. नुसता जातो आहे. मलकापूरचे गृहस्थ त्याला महाराज म्हणत. खोलीत शिरताना पडद्याकडे पाहून विचारत, ‘काय पावणं, महाराज हायत न्हवं जाग्यावर?’

दोन-अडीच वर्षांनी नाशिकला माझी बदली मंजूर झाली. ही बदली मी इतक्यांदा मागितली होती की मंजुरी आली तेव्हा आनंदाच्या आधी संशय आला. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या शाळेतल्या बहुतेक मुली अकरावीला पुण्याला जाणार होत्या, वसतिगृहात राहून. तिलाही जायचं होतं. बदलीचं कळल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही खरंच येणार असाल तर मी इथेच राहते. दोन वर्षं तरी तिघं एका घरात राहू. नाहीतर मग मी जाते.’

‘येणार आहे,’ मी म्हणालो.

‘नक्की सांगा. मला कॉलेजांची नावं भरायची आहेत.’

‘नक्की.’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणीतरी जागा धरून ठेवली होती, आणि वेळेत पोचणं एवढंच माझ्याकडून हवं होतं.

बदलीच्या आदेशात मात्र एक ओळ होती. हातातलं काम पूर्ण झाल्यावर कार्यमुक्त करावं. आणि त्याच महिन्यात हातात काम आलं. किनाऱ्याकडच्या एका नव्या डेटा सेंटरला रत्नागिरीच्या दुव्यावर चॅनल हवं होतं, इतकं रुंद की आमच्याकडे तोवर कुणी मागितलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, ‘हे तेवढं चालू करा, नाशिकवाले, आन् जावा. मी स्वतः एसटीत बसवून देतो.’

मी पट्टी पाहिली. महाराजांच्या डावीकडे पांढरी जागा होती, ती पुरत नव्हती. उजवीकडे होती, तीही पुरत नव्हती. दोन्ही मिळून आरामात पुरली असती. मध्ये महाराज बसले होते.

दुसरी वाट होती, चंदगडवरून गोव्याच्या अंगाने फिरून. ती मी आधी तपासली, कारण विभागप्रमुखांशी वाद घालण्यापेक्षा डोंगर ओलांडणं सोपं वाटलं. पण लांबच्या वाटेला प्रकाश दमतो. मग निरोप अधिक सांभाळून, अधिक जागा घेऊन पाठवावा लागतो. लांबच्या प्रवासाला निघालेलं कुटुंब जास्त बोचकी घेतं आणि जास्त सिटं अडवतं, तसं. त्या वाटेवर जेवढे स्लॉट लागले असते तेवढे सलग नव्हतेच. शिवाय चंदगडच्या पावसात ती केबल दर वर्षी कुठेतरी वाहून जाते.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. चॅनल बंद करून पुन्हा कडेला सुरू करू, क्षणभराचा प्रश्न आहे, असं म्हणालो.

‘क्षणभर म्हंजे विझणार की न्हाय?’

‘क्षणभर.’

‘मग झालं तर. दगडावर काय कोरलंय? कधी विझणार न्हाय. क्षणभराचं काय लिवलेलं न्हाय त्यात.’

‘पण त्यावरून काहीच जात नाही, साहेब.’

‘जाईल कधीतरी. साहेबांनी फोन केला आन् विचारलं, माझं चॅनल हाय का, तर मी काय सांगू?’

साहेबांनी त्या काळात एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटतं त्यांना ते आठवतही नसावं. पण विभागप्रमुखांची भीती खरी होती. त्यांनाही वरून कुणीतरी जागेवर बसवलेलं होतं.

मग दिवस जाऊ लागले. सकाळी स्वेटर घालून त्या खोलीत शिरायचं, संध्याकाळी काढून बाहेर यायचं. छोटी गिऱ्हाइकं कागदावर इकडची तिकडे सरकवून मी सगळे हिशेब मांडून पाहिले. दरवेळी उत्तर एकच येई: जागा आहे, पण सलग नाही. दहावीचा निकाल लागला. चांगला लागला. मुलीने फोनवर मार्क सांगितले आणि म्हणाली, ‘नावं भरायला थोडे दिवस आहेत अजून.’ बायकोने माझ्या पुस्तकांसाठी एक कपाट रिकामं केलं होतं, हे मला मुलीकडून कळलं.

‘पावणं, लई पडलाय ओ चेहरा,’ मलकापूरचे गृहस्थ म्हणाले. ‘मी काय म्हणतो, एखाद्या दिवशी माझ्याच कुदळीनं केबल तुटली तर? रस्त्याचं काम चालूच हाय.’

‘नको. मग मलकापूरच्या दवाखान्याचाही संपर्क तुटेल.’

‘त्ये बी खरंच. महाराजांपायी रयत कशाला मारायची.’

प्रकाश विझवायचा नसेल तर पेटता सरकवता येतो. ही युक्ती आमच्या यंत्रांत होती, पण आम्ही ती कधी वापरली नव्हती. दोन्ही टोकांनी आणि मधल्या मलकापूरच्या ठिकाणी, एकाच वेळी, एकेक स्लॉट. शेजारची जागा मोकळी असली की चॅनल हळूहळू तिच्यात जातं आणि मागची सोडतं. उजवीकडे टोकापर्यंत सगळं मोकळंच होतं. अडचण यंत्राची नव्हती.

‘उजवीकडं म्हंजे शेवटाला?’ विभागप्रमुख म्हणाले. ‘साहेबांना शेवटच्या रांगेत? नाशिकवाले, तुमाला जायचंय म्हणून मला घालवताय व्हय?’

त्या क्षणी मी जे बोललो ते सगळं शास्त्रानुसार खरं होतं, म्हणून ते बोलताना मला संकोच वाटला नाही. मी म्हणालो की आपण स्लॉट मोजतो ते फ्रिक्वेन्सीने, डावीकडून. पण प्रकाश तरंगलांबीनेही मोजतात, आणि तसा मोजला तर क्रम उलटा होतो. उजवं टोक पहिलं येतं. सगळ्यांच्या आधी. क्रमांक एक.

ते पडद्याजवळ गेले. मान तिरकी करून उजवीकडून डावीकडे पट्टी पाहिली.

‘म्हंजे आता ते किती नंबरला हायत?’

‘मध्येच कुठेतरी. नंबर सांगण्यासारखा नाही.’

‘आन् तिकडं गेलं की एक.’

‘एक.’

‘मग आधीच का न्हाय सांगितलं?’ ते रागावून म्हणाले. ‘इतकी वर्षं साहेबांना नंबर न्हाय अशा ठिकाणी बसवलंय तुमी!’

रविवारी दुपारी आम्ही महाराजांना हलवलं. मी उचगावला, रत्नागिरीचं यंत्रही तिथूनच चालवत, गृहस्थ मलकापूरच्या यंत्रखोलीत, फोन चालू. विभागप्रमुख माझ्या मागे उभे होते, चपला काढून. मी एक स्लॉट सरकवला की भगवी पट्टी किंचित उजवीकडे जाई आणि पलीकडून आवाज येई, ‘हाय, जळतंय!’ पुन्हा एक. ‘हाय!’ पुन्हा एक. एकदा आवाज यायला उशीर झाला तेव्हा विभागप्रमुखांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मला कळ आली.

‘काय झालं ओ?’ मी ओरडलो.

‘काय न्हाय, पावणं, चहा आला हुता.’

भगवा रंग टोकाला जाऊन टेकला आणि मागे पांढरी जागा सलग उघडी पडली. इतकी मोठी मोकळी जागा त्या पडद्यावर मी पूर्वी पाहिली नव्हती. संध्याकाळच्या आत डेटा सेंटरचं चॅनल तिच्यात बसलं आणि चालू झालं. मी बाहेर आलो, स्वेटर काढला आणि रस्त्यावरूनच मुलीला फोन केला. ती आईला हाका मारत घरभर पळाली. फोनमध्ये तिच्या पावलांचा आवाज येत राहिला.

मी त्याच आठवड्यात निघायला हवं होतं. पण विभागप्रमुख म्हणाले की एवढं मोठं काम झालं आणि समारंभ नाही, हे कसं दिसेल? मोठे साहेब येतायत. कार्यमुक्तीचं पत्र तयार आहे, ते त्यांच्याच हस्ते देऊ, सन्मानाने. पत्राचा लिफाफा त्यांनी मला दाखवलाही. मी खोली रिकामी केली, सामान एका मोठ्या बॅगेत भरलं. घरमालकांनी मला निरोपाचा चहा दिला आणि जाता जाता जिन्यातला दिवा पाहायला सांगितलं.

समारंभ तसाच झाला, जसे होतात. फेटे बांधणारा आला. मी कधी फेटा बांधलेला नव्हता. तो कानावर इतका घट्ट बसला की भाषणं मला लांबून आल्यासारखी ऐकू येत होती. कार्यक्रम साहेबांच्याच चॅनलवरून थेट दाखवायचा असं ठरलं होतं, म्हणजे त्या प्रकाशाला अखेर काहीतरी काम मिळालं. रत्नागिरीहून पुढे इंटरनेटवर कार्यक्रम कुणालाही पाहता येणार होता. बायको आणि मुलगी नाशिकला पाहत बसल्या होत्या.

विभागप्रमुख माझ्याविषयी बोलले. फार चांगलं बोलले. साहेबांचा प्रकाश एक क्षणही न विझवता त्यांना क्रमांक एकवर नेणारा माणूस, असं म्हणाले. माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग खिशातून लिफाफा काढून त्यांनी मोठ्या साहेबांपुढे धरला आणि कानात काहीतरी सांगितलं.

साहेबांनी लिफाफा घेतला नाही. ते उठून माईकपाशी आले.

‘मला आत्ता असं सांगतायत की हे गृहस्थ नाशिकला चालले,’ ते हसत म्हणाले. ‘का हो, कोल्हापूरचं पाणी मानवलं नाही का? असा माणूस हातातून सोडायचा नसतो.’

लोक हसले. टाळ्या पडल्या. मी विभागप्रमुखांकडे पाहिलं.

‘न्हाय न्हाय, साहेब, सोडतोय कुठं!’ ते म्हणाले. लिफाफा आधी त्यांच्या हातात होता, मग नव्हता. ‘ह्यांच्यासाठी आपण इथंच नवं पद तयार करतोय. आजच जाहीर करतो.’ आणि त्यांनी पद जाहीर केलं. व्हिजिटिंग कार्डावर ते तीन ओळी घेईल.

पुन्हा टाळ्या. मला काही बोलायचं होतं. पण डोक्यावर फेटा, अंगावर शाल आणि हातात नारळ असलेल्या माणसाने व्यासपीठावर नाही म्हणायचं तर ते कसं म्हणतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी मान लववली. लोकांना तो नम्रपणा वाटला असणार.

जेवणाच्या रांगेतून बाजूला होऊन मी फोन लावला. मुलीने उचलला.

‘पाहिलं आम्ही,’ ती म्हणाली.

‘ऐक, मी उद्याच मुंबईला पत्र लिहितो. हे असं नसतं. बदली मंजूर झालेली आहे. साहेब गमतीत बोलले.’

‘हो.’

‘महिनाभरात काहीतरी होईल.’

‘बाबा, नावं भरायचा उद्या शेवटचा दिवस आहे.’

मागे भांड्यांचा आवाज येत होता. बायको स्वयंपाकघरात असावी. आईला दे, असं मी म्हणालो. तर ती हळूच म्हणाली, ‘आई आत्ता नको म्हणतेय.’ ती वाट पाहत होती. आणखी एकदा नक्की म्हणालो असतो तर तिने नाशिकच भरलं असतं, हे मला कळत होतं.

‘पुणं पहिलं टाक,’ मी म्हणालो.

‘तुम्हाला चालेल ना?’

‘ज्या कॉलेजला वसतिगृह आहे ना, तेच टाक.’

‘बरं,’ ती म्हणाली. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, माझ्यासारखंच विचारलं, ‘तुम्ही जेवलात का?’